एकदाच मिळणाऱ्या पैशातून पगार द्यावा का?

इथे अमेरिकेत सिटी कौन्सिलच्या नाहीतर काऊंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) बजेट मीटिंगला जाऊन बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, की एकदाच मिळणारा पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला वापरायचा. म्हणजे मंदीत किंवा साथीत फेडरल म्हणजे केंद्र सरकारने स्टिम्युलसचा, म्हणजे इकॉनॉमी सावरायला दिलेला जादा पैसा पाठवला तर त्यातून छप्पर दुरुस्त करा, गाड्या घ्या, पाइपलाइन टाका, पण माणूस नेमू नका, कारण पैसा संपला की त्याचा पगार कुठून देणार. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं आणि मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता वाटत नाही, का वाटत नाही ते नीट मांडावं म्हणून लिहायला बसलेय, जरा लांबेल.

कम्युनिटी सर्व्हिस म्हणतो आपण, पण ती असते काय शेवटी? एकट्या म्हाताऱ्या माणसाला घरपोच जेवण, लायब्ररीत नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरायला मदत करणारी बाई, डे केअरमध्ये पोरं सांभाळणारी मुलगी, भाडं थकलेल्या कुटुंबाचे कागद बघून देणारा केसवर्कर. यातून माणूस काढला की मागे बिल्डिंग उरते आणि टेबलखुर्च्या उरतात. मग पगारावर खर्च करू नका असं सांगणं म्हणजे या कामावर खर्चच करू नका असं सांगणं झालं, फक्त ते तसं सरळ कोणी बोलत नाही.

मध्ये दोनेक वर्षं मी आठवड्यातून एक दिवस जेवणाचे डबे पोचवायला जायचे, व्हॉलंटियर म्हणून. माझ्या रूटवर एक आजोबा होते, वॉकर ढकलत दार उघडायला यायचे, तो वॉकरचा आवाज बाहेर ऐकू यायचा आणि तो कसा येतोय त्यावरून आज तब्येत कशी आहे ते मला दाराबाहेरच कळायचं. एकदा आवाजच आला नाही. बेल वाजवली, दार ठोठावलं, काही नाही. मी सेंटरला फोन केला तर तिथल्या को-ऑर्डिनेटर बाईंकडे त्यांच्या मुलीचा नंबर होता, आणि शेजारच्या घरात किल्ली ठेवलेली असते हेही त्यांना तोंडपाठ होतं, वीस मिनिटांत दार उघडलं. बाथरूममध्ये पडले होते आजोबा, रात्रीपासून. वाचले ते. त्या बाईंची पोस्ट ग्रँटवरची होती, पुढच्या वर्षी ग्रँट संपली आणि पोस्ट गेली, मग रोजचं गरम जेवण बंद करून आठवड्यातून एकदा फ्रोझन जेवणांचा खोका द्यायचं ठरलं. रिपोर्टमध्ये जेवणांचा आकडा होता तेवढाच राहिला. रोज दार ठोठावणारं माणूस मात्र गेलं, आणि त्यासाठी रिपोर्टमध्ये रकानाच नव्हता.

हा अनुभव मनात ठेवूनच मी पुढचं सगळं वाचत गेले.

आधी मुळात हा पैसा का लागतो ते बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की लोकल सरकारं उधळी असतात म्हणून वरून पैसे मागतात. तसं नाहीये. अमेरिकेत व्हरमाँट सोडून बाकी सगळ्या, म्हणजे ४९ राज्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या स्वरूपात बजेट बॅलन्स ठेवायची, म्हणजे खर्च उत्पन्नात बसवायची सक्ती आहे. फेडरल सरकार मंदीत कर्ज काढून खर्च करू शकतं, राज्यांना आणि त्यांच्या खालच्या शहरांना रोजच्या खर्चासाठी तसं करता येत नाही. मंदी आली की सेल्स टॅक्स लगेच घसरतो, घरांच्या किमती पडल्या की प्रॉपर्टी टॅक्सही वर्षा-दोन वर्षांनी खाली येतो, आणि नेमकं त्याच वेळी नोकरी गेलेली माणसं लायब्ररीच्या कॉम्प्युटरसमोर, फूड पँट्रीच्या रांगेत, हेल्थ सेंटरच्या वेटिंग रूममध्ये येऊन उभी राहतात. मागणी वर आणि उत्पन्न खाली, दोन्ही एकाच महिन्यात. मग लोकल सरकार काय करतं तर माणसं कमी करतं, तास कमी करतं, शाखा बंद करतं. त्यात त्यांची नियत खोटी असते असं नाही, नियमच त्यांना तिकडे ढकलतो.

म्हणून १७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी डेन्व्हरमध्ये ज्या रिकव्हरी अ‍ॅक्टवर सही केली त्यात टॅक्स सवलती आणि रस्ते यांच्याबरोबर लोकल सेवांसाठीही बरंच काही होतं. सगळा कायदा तेव्हाच्या अंदाजाने ७८७ अब्ज डॉलरचा. त्यात गरिबांसाठी काम करणाऱ्या कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सींना १ अब्ज, कम्युनिटी हेल्थ सेंटर्सना २ अब्ज, हेड स्टार्ट म्हणजे गरीब घरातल्या लहान मुलांच्या शाळापूर्व कार्यक्रमाला २.१ अब्ज, बेघर होण्याच्या काठावर असलेल्या कुटुंबांसाठी दीड अब्ज, आणि म्हाताऱ्या लोकांच्या जेवणासाठी १० कोटी डॉलर. शिक्षकांचे पगार वाचावेत म्हणून राज्यांना ५३.६ अब्जांचा वेगळा फंड. आकडे मोठे दिसतात पण पडलेल्या खड्ड्याच्या मानाने कमीच होते, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत लोकल सरकारांमधल्या पाच लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा स्टिम्युलसचा पैसा आटत गेला तेव्हा गेल्या. बाकी इकॉनॉमी हळूहळू वर येत होती आणि लोकल सेवा खालीच जात होत्या, हे मला फार लागलं होतं तेव्हा.

त्या कायद्यातली एक गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. गरीब लोकांची घरं थंडीपासून सुरक्षित करायचा एक जुना कार्यक्रम आहे, माळ्यावर इन्सुलेशन भरायचं, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, हीटर दुरुस्त करायचा, म्हणजे बिल कमी येतं. हे काम लोकल एजन्सीच करतात. त्याला वर्षाला पाव अब्ज डॉलरच्या आसपास मिळायचे, २००९ मध्ये एकदम ५ अब्ज मिळाले. वीसपट! आणि वर्ष उलटलं तरी त्यातला दहा टक्केसुद्धा पैसा खर्च झाला नव्हता. झालं काय तर या कामाला प्रचलित मजुरीचा नियम, म्हणजे त्या भागात चालू असलेल्या दरानेच मजुरी द्यायची, हा नव्यानेच लागू झाला, प्रत्येक काऊंटीत या कामाचा दर किती ते लेबर डिपार्टमेंटने ठरवायचं होतं, काऊंट्या तीन हजारांवर, दर ठरेपर्यंत कित्येक राज्यांनी काम सुरूच केलं नाही. दुसरीकडे तीच राज्यं बजेट कमी झालं म्हणून स्वतःच्या ऑफिसमधली माणसं सुट्टीवर पाठवत होती, हायरिंग फ्रीझ होतं, आणि हा पैसा वाटायचं, तपासायचं काम त्याच माणसांनी करायचं होतं. पैसा दारात आणि दार उघडायला माणूस नाही. नंतर काम जोरात झालं, ठरवलेल्या जवळपास सहा लाखांपेक्षा जास्त घरं झाली, पण मंदीचा सगळ्यात कडक हिवाळा त्यातल्या कितीतरी कुटुंबांनी आधीच काढला होता.

असंच परत २०२१ मध्ये झालं. भाडं थकलेल्यांसाठी आधी २५ अब्ज मंजूर झाले, मग आणखी २१.५५ अब्ज, आणि जूनअखेरपर्यंत घरांपर्यंत पोचले होते फक्त ३ अब्जांच्या आसपास. कारण अशी भाड्याची मदत देणारं ऑफिसच बहुतेक ठिकाणी नव्हतं, फॉर्म घेणारं, तपासणारं, घरमालकाशी बोलणारं कोणीच नव्हतं, सगळं शून्यातून उभं करावं लागलं. जिथे आधीपासून थोडी तरी माणसं आणि सिस्टिम होती तिथे पैसा लवकर गेला. म्हणजे चांगल्या दिवसांत वाचवलेला पगार वाईट दिवसांत असा वसूल होतो, आणि तो भरतात भाडेकरू.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते, आणि त्यासाठी थोडं मागे जायला लागेल, रूझवेल्टच्या काळात. १९३५ मध्ये डब्ल्यूपीए सुरू झालं, बेकारांना सरकारी पैशातून काम देणारी योजना, ती १९४३ पर्यंत चालली. तिच्यातल्या दोन कामांची मी कायम शेजारी शेजारी ठेवून तुलना करते.

एक म्हणजे केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या घोड्यावरच्या लायब्रेरियन. जिथे धड रस्ते नव्हते तिथे बायका घोड्यावर नाहीतर खेचरावर पुस्तकं लादून ओढे ओलांडत घरोघरी आणि शाळांमध्ये जायच्या, महिना २८ डॉलर पगार, घोडा स्वतःचा किंवा भाड्याचा. आणि गंमत बघा, सरकार देत होतं तो फक्त पगार. पुस्तकं लोकांनी दान दिलेली, जागा गावाने दिलेली. जुनी मासिकं फाटली की त्यातल्या पाककृती, गोधडीचे नमुने कापून त्या स्वतः वह्या चिकटवायच्या आणि त्या वह्यासुद्धा घरोघर फिरायच्या, लोक आवडीने मागून घ्यायचे. म्हणजे आजच्या बजेटवाल्यांच्या नियमाच्या बरोबर उलट, सरकारने माणसाचा पगार दिला आणि बाकीचं लोकांनी जमवलं. चाललं ना ते! सात-आठ वर्षं चाललं. १९४३ मध्ये डब्ल्यूपीए बंद झालं आणि घोडे थांबले. पुस्तकं होती, वह्या होत्या, वाट बघणारी घरंही होती, फक्त पगार नव्हता.

दुसरं काम शाळेतल्या जेवणाचं. तेही डब्ल्यूपीएनेच मोठं केलं, बेकार बायकांना शाळांमध्ये स्वयंपाकाला लावलं, १९४१ पर्यंत रोज जवळपास २० लाख मुलं हे गरम जेवण जेवत होती. १९४३ ला याचेही पगार गेले, हेही काम खाली आलं. पण इथे काँग्रेसने हात सोडला नाही, तात्पुरता पैसा देत राहिले आणि १९४६ मध्ये ट्रूमन यांनी नॅशनल स्कूल लंच अ‍ॅक्टवर सही केली, त्या कायद्यावर आजही अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलं जेवतात.

दोन्ही कामं एकाच पैशातून निघालेली, दोन्हींत पगारच दिला जात होता, मग एक का मेलं आणि एक का जगलं? शाळेच्या जेवणामागे शेतकरी होते, शिल्लक राहिलेला शेतमाल सरकारला खपवायचा होता, म्हणजे त्याला ताकदवान वाली होता. डोंगरातल्या वाचणाऱ्यांना नव्हता. पगारावर पैसा खर्च केला ही चूक दोन्हीकडे सारखीच धरली तर शाळेचं जेवणही सुरूच व्हायला नको होतं. बजेटवाल्यांचा नियम तेव्हा पाळला असता तर ते २० लाखांचं जेवण झालंच नसतं, आणि मग कायदा करायला कुणाला सुचलंही नसतं, कारण अशी गोष्ट चालू शकते हे आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं. मला स्टिम्युलसचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं. जे काम लोकल बजेटने कधी करून बघायची हिंमत केली नसती ते करून बघता येतं. २००९ च्या त्या दीड अब्जांनी हेच झालं, बेघर होणाऱ्या कुटुंबाला शेल्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवण्यापेक्षा थोडे दिवस भाडं देऊन लगेच घरात बसवायचं ही कल्पना तोवर लहान प्रमाणात चालू होती, त्या पैशाने ती देशभर गेली, १३ लाखांच्या आसपास लोकांपर्यंत पोचली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या कायद्याने तिला नेहमीच्या ग्रँटमध्ये जागा मिळाली.

त्यामुळे पगार द्यायचा की नाही हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पगार द्यायचाच. पैसा संपेल त्या दिवशी तो पगार कुणाच्या बजेटमध्ये जाणार हे माणूस नेमतानाच ठरवून, लिहून ठेवायचं, आणि त्यावर वर्षातून दोनदा मीटिंगमध्ये उघड बोलायचं. हे होत नाही. ग्रँटच्या अर्जात पैसा संपल्यावर काय असा एक रकाना असतो आणि त्यात सगळे एकसारखं लिहितात की आम्ही इतर स्रोत शोधू, मी स्वतः असे अर्ज भरायला मदत केलीय, मीही तेच लिहिलंय, आणि कुणीही कधी परत विचारलं नाही की शोधले का.

११ मार्च २०२१ चा बायडेन यांचा कोविड मदतीचा कायदा याबाबतीत २००९ पेक्षा बराच बरा होता हे मान्य करायला हवं. एकूण १.९ ट्रिलियनमधले ३५० अब्ज थेट राज्यं, काऊंट्या, शहरं आणि आदिवासी सरकारांना. एक वर्ष आधीच्या केअर्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कोविड मदतीच्या पहिल्या मोठ्या कायद्यात, ५ लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहराला थेट काही मिळत नव्हतं, यात अगदी लहान गावांनाही वाटा आला, लहान वस्त्यांसाठी साडेएकोणीस अब्ज वेगळे ठेवले. शिवाय मुदत लांब, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कशावर खर्च करणार ते करारबद्ध करायचं आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च संपवायचा. आणि गेलेली माणसं परत नेमायला, इतकंच काय कोविडआधीच्या स्टाफपेक्षा साडेसात टक्के जास्त माणसं ठेवायलाही नियमात परवानगी होती. म्हणजे वॉशिंग्टनने पगाराला हो म्हटलं होतं. घाबरतात ते खालचे.

विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणंही सगळं खोटं नाही. २०२१ मध्ये पैसा जास्त ओतला गेला, जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, त्यात सप्लाय चेन आणि युक्रेन युद्धाचा हात मोठा होता तरी स्टिम्युलसचा हात नव्हताच असं मी म्हणणार नाही. आणि महागाईने पहिला मार कुणाला बसला तर ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्यांनाच. काही राज्यांकडे तर पैसा आला तेव्हा स्वतःचीच शिल्लक होती. अलाबामाने आपल्या वाट्यातले ४० कोटी डॉलर तुरुंग बांधायला लावले, बुडालेल्या उत्पन्नाच्या नावाखाली ते नियमात बसत होतं. मला त्याचा रागच आला होता, आजही येतो. पण बघा, ते अगदी बजेटवाल्यांच्या नियमाप्रमाणेच होतं, एकदाचा पैसा, एकदाचं बांधकाम. बांधकामही शेवटी रोजचा खर्च मागे ठेवतंच, तुरुंगालाही रोज गार्ड लागतात, नव्या कम्युनिटी सेंटरला रोज वीज लागते आणि दार उघडायला माणूस लागतो. फक्त तो खर्च उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

पैसा अचानक तुटला की काय होतं ते डे केअरमध्ये सगळ्यांनी बघितलं. त्याच कायद्यातले २४ अब्ज डे केअर तगवायला दिले होते, २ लाख २० हजारांहून जास्त ठिकाणी पोचले, त्यातून सांभाळणाऱ्या बायकांचे पगार वाढले, फी न वाढवता वर्ग चालू राहिले. आणि ३० सप्टेंबर २०२३ ला बंद. एका तारखेला. डे केअरमध्ये मुळातच मार्जिन नसतं, कारण पालकांकडून आणखी घेता येत नाही आणि एका बाईकडे किती पोरं ठेवायची ते कायद्याने ठरलेलं असतं, मग पगारवाढ तरी मागे घ्यायची नाहीतर फी वाढवायची. काही राज्यांनी मात्र आधीच तयारी केली होती. व्हरमाँटने २०२३ मध्येच कायदा केला, गव्हर्नरचा व्हेटो मोडून केला, आणि जुलै २०२४ पासून पगारावर ०.४४ टक्के टॅक्स लावून डे केअरसाठी कायमचा पैसा उभा केला, त्यातला निदान पाऊण हिस्सा मालकांनी भरायचा. लहानसं राज्य आहे ते. पण तिथल्या पालकांनी आणि डे केअरवाल्यांनी वर्षानुवर्षं आमदारांच्या मागे लागून हे करवून घेतलंय.

माझं म्हणणं असं आहे की पैसा एका तारखेला न तुटता हळूहळू कमी व्हावा, हा उतार वरूनच कायद्यात बांधून द्यायला हवा, प्रत्येक गावाने आपापली लढाई लढायची हे बरोबर नाही. पहिल्या दोन वर्षांचा पूर्ण पगार फेडरल पैशातून, मग तीन चतुर्थांश, मग अर्धा, असं चार-पाच वर्षांत खाली यावं, म्हणजे लोकल बजेटला दरवर्षी थोडं थोडं उचलता येईल. आणि सुरुवात-शेवट तारखेने ठरवण्यापेक्षा बेकारीच्या आकड्याने ठरावा. हे स्वप्न नाहीये, केलेलं आहे आधी. १९७६ मध्ये फोर्ड यांचा व्हेटो बाजूला सारून काँग्रेसने मंदीतल्या मदतीचा कायदा केला होता, देशातली बेकारी साडेचार टक्क्यांच्या वर असेल तोवर राज्यांना आणि शहरांना दर तिमाहीला पैसा, त्यांच्या नेहमीच्या सेवा चालू ठेवायला. १९७८ मध्ये तो संपू दिला. तेव्हापासून प्रत्येक मंदीत वॉशिंग्टनमध्ये पहिल्यापासून भांडण सुरू होतं, किती द्यायचं, कुणाला द्यायचं, आणि ते भांडण चालू असताना इकडे शाखा बंद होत असतात.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ती त्या कंटाळवाण्या बजेट मीटिंगमधली तीन मिनिटं, लोकांना बोलायला देतात ती. आमच्या काऊंटीच्या यादीत मागच्या वेळी ग्रँटवरच्या किती पोस्ट आहेत आणि त्या कधी संपतायत ते मी विचारलं. फायनान्सच्या माणसाने सांगितलं की तशी वेगळी यादी नाही, पण पुढच्या मीटिंगला करून आणतो. आणली त्याने. अकरा पोस्ट होत्या, नावांच्या जागी फक्त पदं, शेवटची तारीख शेजारी. त्यात घरपोच जेवणाची को-ऑर्डिनेटर चौथ्या ओळीत होती. पुढच्या मीटिंगला मी ती यादी घेऊन जाणार आहे, आणि ज्यांच्या घरी डबा येतो त्यातल्या दोघांच्या मुली माझ्याबरोबर येतायत.